पंखाखालचा होकार

१

रविवारी चष्मेवाल्याचं दुकान बंद असायचं आणि डोकं तापलेलं असायचं. दोन्हीचं कारण एकच, विमानं.

शहराबाहेरच्या एका जुन्या हँगरमध्ये विमानांचं संग्रहालय होतं. 'हात लावू नये' अशी पाटी तिथे शोधूनही सापडली नसती. उलट हात लावा, दांडे ओढा, खुर्चीत बसा, असाच तिथला शिरस्ता. सगळ्यांचं लाडकं होतं ते दोन पंख्यांचं एक जाडजूड प्रवासी विमान. नेहमीचे लोक त्याला म्हातारी म्हणत. म्हातारी उडायची थांबून जमाना झाला होता, पण तिचे फ्लॅप अजून चालत. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बसवलेल्या लांबलचक पत्र्याच्या फळ्या. विमान उतरताना त्या खाली सोडतात, मग परत वर घेतात. आतला दांडा ओढला की पंप घुरघुरायचा आणि फळ्या सावकाश खाली यायच्या. दांडा उलटा केला की मात्र खाडकन वर जाऊन पंखाला चिकटायच्या. मध्ये कोणाचा हात असला तर तो हात गेलाच म्हणून समजा.

म्हणून तिथे एक नियम होता आणि तो सगळे पाळत. आत बसणाऱ्याने दांड्याला हात लावण्याआधी खिडकीतून ओरडायचं, "मोकळं?" बाहेरच्याने पंखाखाली नीट नजर फिरवायची, कोणी नाही ना याची खात्री करायची आणि उत्तर द्यायचं, "मोकळं." उत्तर आल्याशिवाय दांडा हलत नसे.

हे उत्तर द्यायचं काम कित्येक वर्षं चष्मेवाल्याच्या गळ्यात पडलं होतं. आणि आत कोण बसायचं? त्याचा व्याही.

व्याही लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांची ओळख म्हातारीच्या चाकापाशीच झालेली, अगदी अरे-तुरेची दोस्ती. मग एकाच्या मुलीने आणि दुसऱ्याच्या मुलाने परस्पर जमवलं आणि दोस्तांचे व्याही झाले. तेव्हापासून चारचौघांत 'अहो व्याही' म्हणायचं असा दोन्ही घरांतून हुकूम होता. भांडण लागलं की मात्र अहो कुठल्या कुठे जायचं.

डावी खुर्ची, म्हणजे मुख्य वैमानिकाची, व्याह्याने बळकावली ती कायमचीच. सुरुवातीला चष्मेवाल्याचा गुडघा धरलेला होता, शिडी चढवत नव्हती, तेव्हा ठीक होतं. पण गुडघा बरा झाला तरी कोणी विचारील तर शपथ. "तुमचा आवाज काय खणखणीत हो," असं म्हणून त्याला पंखाखाली उभं करायचं आणि आपण मजा मारायची. आधी घसा खाकरून 'अं-हं' आणि मग लांबवून 'मोकळंऽ' ही त्याची पद्धत. लोक तिची नक्कलही करत. जन्मभर दुसऱ्यांना 'आता दिसतंय का, आता दिसतंय का' विचारत आलेल्या माणसाला एकदा तरी त्या खुर्चीतून काय दिसतं ते बघायचं होतं. एवढीशी इच्छा. तीही कोणाला दिसू नये याचा त्याला फार राग यायचा.

त्या रविवारी त्याने स्पष्ट सांगितलं, आज मी बसणार. व्याही शिडी चढता चढता म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. हे 'पुढच्या वेळी' ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"मग उत्तर द्यायला दुसरा कोणी बघ," तो खालून म्हणाला. "मी आता देणार नाही. कोण देतो ते देऊ दे."

आणि हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून तो पंखाखाली उभा राहिला. वरून हाक आली, "मोकळं?" हा गप्प. बस म्हणावं बोंबलत. मग पंप घुरघुरला आणि फळ्या खाली यायला लागल्या.

२

आता मात्र तो भडकलाच. नियम मोडला याचा राग वेगळा, आणि आपल्या न बोलण्याचीही किंमत नाही याचा राग त्याहून वेगळा. व्याही खाली उतरायच्या आत हा शिडीशी हजर.

मी उत्तर दिलं नाही तर फ्लॅप सोडलेच कसे, असं त्याने विचारलं. व्याही त्याच्याकडे बघतच राहिला. दिलंस की, म्हणाला. खाकरलास, मग मोकळं म्हणालास, नेहमीसारखं. जवळच एक बाई आपल्या नवऱ्याबरोबर पंख्याचं पातं निरखत उभी होती. तिला साक्षीला बोलावलं तर ती म्हणाली, हो, यांनीच तर सांगितलं, आम्ही ऐकलं ना.

"अहो, मी तोंड उघडलं नाही," चष्मेवाला म्हणाला.

व्याही हसला. म्हणाला, रागाच्या भरात माणसाला आपण काय बोलतो ते कळत नाही, आणि तुमचं तर काय विचारूच नका. त्या हसण्याने चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरी जाताना बसमध्ये त्याने शांतपणे विचार केला. हँगरला पत्र्याचं छप्पर. तिथे कोणाचा आवाज कुठून येतो, कोणाला ऐकू जातो, काही सांगता येत नाही. शिवाय नक्कल करणारे टपलेलेच असतात. कोणीतरी चावटपणा केला, दुसरं काय. असं स्वतःला पटवून त्याने तो विषय बाजूला ठेवला. जीभ मात्र तोंडात चाचपून पाहिली, उगाचच.

३

पुढच्या रविवारी तो तयारीने गेला. दाढ दुखतेय असं सांगून तोंडात कापसाचा भलामोठा बोळा कोंबला आणि वर रुमाल बांधला. व्याही म्हणाला, वा, आज शांतता. संग्रहालयाच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी विचारलं, मग उत्तर कोण देणार? तर याने हातानेच खूण केली, देईन, काळजी नको. द्यायचं नव्हतंच. नक्कल करणाऱ्या त्या चावट माणसाला रंगेहाथ पकडायचं होतं.

तो पंखाखाली उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही हे त्याने दोनदा पाहून घेतलं. बाकीची मंडळी पलीकडच्या कोपऱ्यात एका उघड्या इंजिनाभोवती जमली होती. म्हातारीपाशी तो एकटाच, आणि वर व्याही.

"मोकळं?"

त्याने रुमालावरून तोंड दाबून धरलं. बोळ्याचा तो कोरडा स्वाद घशापर्यंत गेला होता.

"अं-हं," असं कोणीतरी खाकरलं.

आवाज छपरातून आला नाही. म्हातारीच्या पोटापलीकडून आला, अगदी जवळून. आणि तो नकलेचा आवाज नव्हता. नक्कल करणारे जरा जास्तच खाकरतात. हा कंटाळून खाकरलेला आवाज होता, तोच तो प्रश्न ऐकून वैतागलेल्या माणसाचा. मग लांबवून, "मोकळंऽ."

चष्मेवाला वाकला. विमानाच्या पोटाखालून पलीकडची जमीन दिसत होती, आणि त्या जमिनीवर दोन पाय होते. तपकिरी सँडल घातलेले. डाव्या सँडलचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, कारण चांभाराकडे तपकिरी दोरा संपला होता आणि चष्मेवाल्याला थांबायला वेळ नव्हता. आपल्या पायाकडे पाहायचं त्याला धैर्य होईना. शेवटी पाहिलं. पट्टा होता, पांढरा दोराही होता.

म्हातारीच्या शेपटीला वळसा घालून तो धावत पलीकडे गेला. तिथे कोणी नव्हतं. वर फळ्या खाली येत होत्या आणि पंप शहाण्यासारखा घुरघुरत होता.

अशा सँडल बाजारात ढिगाने मिळतात, तो स्वतःशी म्हणाला. पांढरा दोरा काय, कोणाच्याही घरात असतो. तोंडातला बोळा काढायचा तो विसरूनच गेला. व्याह्याने खाली येऊन पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, दाढदुखीतसुद्धा आवाज कसा खणखणीत! तेव्हा कुठे त्याने रुमाल सोडून बोळा बाहेर काढला.

४

त्यानंतर त्याने ठरवलं, आपण स्वतःच उत्तर द्यायचं. पहिलं, आणि मोठ्याने. दुसऱ्या कोणाला जागाच ठेवायची नाही. काही रविवार ते जमलंही. मग लेक माहेरपणाला आली.

लेक या पंखाखालीच लहानाची मोठी झाली होती. दर रविवारी बापाचं बोट धरून यायची. एकदा फळ्या खाली असताना तिने पंखाच्या आतल्या बाजूला तेलकट खडूने एक चिमणी काढली होती. फळ्या मिटल्या की चिमणी झाकायची, उघडल्या की दिसायची. आपलं विमान गुपचूप एक पक्षी घेऊन बसलंय, याची तिला केवढी मजा वाटायची. आता ती चिमणी आहे का ते बघायचं म्हणून ती स्वतः गाडी चालवत त्याला घेऊन आली. सासरे वर खुर्चीत, बाप खाली. तिने लाडाने सांगितलं, मामा, जरा फ्लॅप सोडा ना. सासऱ्यांना ती लग्नाआधीपासून मामाच म्हणायची.

हाक आली, बापाने उत्तर दिलं, फळ्या खाली आल्या. ती लाकडी खोक्यावर चढली. जवळचं नीट दिसावं म्हणून तिने चष्मा काढून फळीच्या कडेवर ठेवला, आणि पंख आणि फळी यांच्या मधल्या फटीत डोकं घातलं. चष्मा बापानेच बनवलेला. चिमणी आहे अजून, ती आतून म्हणाली, पण चोच गेली हो बाबा.

व्याह्याला वरून यातलं काही दिसत नव्हतं. त्याला वाटलं, झालं असेल बघून.

"मोकळं?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. नाही, थांबा, असं म्हणायला उघडलं. पण त्याच्या आधीच त्याच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, कोणीतरी खाकरलं.

"अं-हं. मोकळंऽ."

"थांब!" चष्मेवाला किंचाळला. "बाहेर ये! बाहेर ये आधी!"

लेकीने घाबरून डोकं मागे घेतलं आणि खोक्यावरून खाली पडली. वर खाड झालं. फळी पंखाला चिकटली आणि मध्ये चष्म्याचा चुरा झाला. एक काडी वाकडी होऊन तिच्या मांडीवर पडली.

त्याने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली एक शिडी.

लेक रडली नाही. ती कपडे झटकत उठली, आणि लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं अशा नजरेने तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, मोकळं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "मी आत असताना. माझ्या मागेच तर उभे होतात."

तो तिला काय सांगणार? मी नव्हतो म्हणून? मग कोण होतं? त्याने सांगून पाहिलं, पण ते त्याच्या स्वतःच्याच कानांना खोटं वाटलं. पोरीचं डोकं आत्ता त्या फटीत असतं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता, आणि ते वाचवल्याबद्दल कोणी एका शब्दाने बरं म्हणत नव्हतं. उलट आधी मोकळं म्हणतात आणि मग ओरडतात, असं बाई आणि व्याही आपापसांत बोलत होते. त्याला ऐकू जाईल इतक्या हळू.

५

बाईंनी तिथल्या तिथे निर्णय दिला. यापुढे चष्मेवाल्यांनी बाहेर उभं राहायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका, म्हणाल्या, वयोमानाने होतं. फार तर आत बसा. व्याही बघतील बाहेरचं.

म्हणजे ज्या खुर्चीसाठी इतकी वर्षं जीव टाकला ती मिळाली कशी, तर शिक्षा म्हणून. तो शिडी चढला. गुडघा कुरकुरला नाही, हेसुद्धा त्याला चिडवल्यासारखं वाटलं. खुर्ची खोल होती, चामड्याला व्याह्याच्या बसण्याचा आकार आला होता. समोरच्या काचेतून हँगरचं उघडं दार, दारापलीकडे गवत, गवतापलीकडे जुनी धावपट्टी. सुंदर दिसत होतं. आज त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

खाली पंखाच्या पुढच्या कडेशी लेक खोक्यावर बसली होती. बाजूच्या खिडकीतून मान काढली की व्याही दिसायचा, पंखाच्या टोकाशी उभा, हातात पाण्याची बाटली. एकदा नेहमीसारखं करून बघू, व्याही म्हणाला, म्हणजे मन मोकळं होईल. त्यालाही चुटपुट लागली असावी.

चष्मेवाल्याने हाक दिली. "मोकळं?"

व्याह्याने बाटली तोंडाला लावली होती. त्याचा कंठ वरखाली होताना स्पष्ट दिसत होता.

"अं-हं. मोकळंऽ."

चष्मेवाल्याने दांड्यावरचा हात उचलला. तो हात हवेत तसाच राहिला. खाली व्याह्याने बाटली बाजूला केली, पंखाखाली वळून कोणाशी तरी काहीतरी बोलला आणि हसला, पूर्वीच्या अरे-तुरेच्या दिवसांत हसायचा तसा. लेकही तिकडेच बघत होती. पंखाखालून एक हात आला आणि तिच्या डोक्यावर ठेवला गेला. बाही चौकटीची होती, निळ्या-करड्या चौकटींची. चष्मेवाल्याने आपल्या बाहीकडे पाहिलं नाही. सकाळी कोणता शर्ट घातला ते त्याला पक्कं आठवत होतं.

तो शिडी उतरून खाली आला. पंखाखाली आता दोघंच होते आणि दोघंही निवळलेले. व्याह्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, बरं झालं बोललास. किती वर्षं मनात ठेवून होतास ते खुर्चीचं. चुकलंच माझं.

"कधी बोललो मी?" चष्मेवाल्याने विचारलं.

"आता पुन्हा सुरू करू नका, व्याही," तो समजुतीने म्हणाला.

लेक उठून जवळ आली. तिचा राग पार गेला होता. तुम्ही माफी मागितलीत ना बाबा, म्हणाली, तेवढं पुरे. आणि यापुढे उगाच ओरडणार नाही असं कबूल केलंत, ते लक्षात ठेवा. तिने त्याचा हात हातात घेतला.

आपण न मागितलेली माफी कोणीतरी मागितली होती. चांगली मागितली असणार, कारण पोरगी हसत होती. त्याला स्वतःला इतक्या वर्षांत ते जमलं नव्हतं. भीतीपेक्षाही आधी त्याला वाईट वाटलं ते याचंच.

६

दुपार कलली तशी मंडळी पांगली. व्याही आपल्या स्कूटरवरून गेला. आवारात लेकीची गाडी एका भिंतीला आणि दुसऱ्या एका गाडीला चिकटून उभी होती, वळवून काढायची तर आधी हातभर मागे घ्यायला हवी. तिने गाडीच्या खणातून जुना चष्मा काढून डोळ्यावर चढवला. चष्मेवाल्याला बघताक्षणी कळलं, तो दोन नंबर मागचा आहे. समोरचं धकून जाईल, पण आरशातलं सगळं तिला धुरकट दिसणार.

आपण बसने जाऊ, गाडी राहू दे इथेच, तो म्हणाला. ती म्हणाली, काहीतरीच काय बाबा, तुम्ही आहात ना मागे बघायला. सांगा मला.

तुम्ही आहात ना. इतकं झाल्यावरही पोरीने विश्वास टाकला. आता चुकायचं नाही, डोळ्यांत तेल घालून बघायचं, असं ठरवून तो गाडीच्या मागे गेला. मागे सिमेंटचा कठडा होता. गाडी आणि कठडा यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. तो जरा आत शिरला, चाक कुठे वळेल ते बघायला. तेवढ्यात सँडलचा पट्टा तुटला. पांढरा दोरा उसवून लोंबत होता. तो पट्टा ओढायला खाली बसला आणि गुडघा धरला. नेमका आत्ता, इतक्या काळाने. कठड्याला हात लावून उठायला गेला तर पायातून अशी कळ आली की तो पुन्हा खालीच बसला.

वर इंजिन सुरू झालं. काच खाली करून लेक हाक मारत होती.

"बाबा, मोकळं?"

त्याने श्वास घेतला.

"अं-हं," गाडीच्या पलीकडून कोणीतरी खाकरलं.

गाडीखालून पलीकडचे पाय दिसत होते. तपकिरी सँडल, डाव्या पायातला पट्टा शाबूत. पांढरे टाके एकसारखे, घट्ट. पाय आरामात उभे होते, ज्याला कुठे जायची घाई नाही अशा माणसाचे.

"मोकळंऽ," तो आवाज म्हणाला. या वेळी तो वैतागलेला नव्हता. प्रेमाने बोलत होता.

"थांब गं!" चष्मेवाला जिवाच्या आकांताने ओरडला. "मी मागे आहे! थांब!"

गाडी थांबलेलीच होती. मग लेकीचा आवाज आला, जरा गोंधळलेला. कोण ओरडतंय हो बाबा?

"कोणी नाही," पलीकडून त्याचाच आवाज म्हणाला. "मी तर कबूल केलंय ना, ओरडणार नाही म्हणून. तू ये. येऊ दे, येऊ दे. भरपूर जागा आहे."

लेक हसली. तसं हसताना त्याने तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याच्या तोंडासमोर गाडीचा रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला.